नोकरी हिंजवडीत, बिऱ्हाड कुठे?

मुंबईत दादर-माटुंग्याला राहून ठाण्याला किंवा ऐरोलीला नोकरी करणारा माणूस नशीबवान समजला जातो. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे लोटत असते तेव्हा याची गाडी उलटी निघते. बसायला जागा मिळते, निदान पेपर वाचता येतो. शहरात राहून उपनगरात कामाला जाण्याचा मोठा फायदा हाच. पुण्यात घर शोधणारे पुष्कळ जण हाच हिशेब धरून चालतात आणि इथेच गाडी चुकते, कारण पुण्याला उलटी दिशा उरलेलीच नाही. गाव मधोमध आणि नोकऱ्या कडेला. एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला खराडी, मगरपट्टा, फुरसुंगी, वर चाकण, पलीकडे तळेगाव, नगर रस्त्याने पुढे रांजणगाव. सकाळी नऊला कात्रज, कोथरूड, हडपसर अशी चहूबाजूंनी माणसं हिंजवडीकडे निघतात आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने, त्याच वेळी परततात.

म्हणून शहरात घर असलेल्या आणि हिंजवडीत नोकरी लागलेल्या माणसापुढे तीन वाटा असतात: आहे तिथूनच जाऊन-येऊन करायचं, थेट कंपनीशेजारी बिऱ्हाड हलवायचं किंवा मधेच कुठेतरी पाय रोवायचे. यातली कोणती घ्यावी हे नकाशावरच्या किलोमीटरवरून ठरत नाही.

किलोमीटर मोजून काहीच कळत नाही, कारण डेक्कनपासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंतचं अंतर वीस किलोमीटरच्या आतलं आहे. रविवारी सकाळी दुचाकीवर ते कापायला काहीच लागत नाही, आणि एजंट घर दाखवायला नेमका रविवारी सकाळी नेतो. दुसरं म्हणजे ‘हिंजवडी’ हा एक पत्ता नव्हे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे फेज आहेत. फेज एक चौकाला लागूनच आहे, तर फेज तीन माणच्या अंगाला आणखी पाच-सहा किलोमीटर आत. हे आतले किलोमीटरच खरे खातात. नोकरीचं पत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न पगाराचा असतो हे ठीक, पण दुसरा प्रश्न ‘कोणत्या फेजला, कोणत्या गेटजवळ’ हा असू द्या. फेज तीनमध्ये असाल तर वाकडचं घर नकाशावर दिसतं तितकं जवळ नाही. उलट सूस-नांदे-चांदे-माण या मागच्या रस्त्याने येणाऱ्या पाषाण-सूसकराला कधीकधी ते बरं पडतं. तो रस्ता अरुंद आहे, रात्री अंधारा आहे आणि पावसाळ्यात त्याची काय अवस्था असेल ते आधी बघून घ्यावं लागतं, पण वाट आहे.

फेज तीनची संध्याकाळ एकदा बघाच. साडेसहाला तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या उतरणीवरच रांग लागलेली असते. शिट्टी फुंकणारा वॉचमन एक गाडी आतली, एक बाहेरची असं सोडत असतो. गेटबाहेर पडलं की कंपन्यांच्या बस एकामागे एक उभ्या, त्यांच्या फटीतून दुचाकीवाले, आणि डाव्या हाताला शेअर रिक्षावाले ‘वाकड, वाकड, डांगे चौक’ असं ओरडत निम्मा रस्ता अडवून उभे. शिवाजी चौक येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि पुढे भूमकर चौक किंवा वाकडचा भुयारी रस्ता बाकीच असतो. सकाळपेक्षा संध्याकाळ वाईट. सकाळी माणसं सात ते अकरा अशी विखरून येतात, संध्याकाळी मात्र सगळ्यांना एकदमच घरी जायचं असतं.

तेव्हा घर पसंत पडलं तरी टोकन देऊ नका. एखाद्या सोमवारी किंवा मंगळवारी, ज्या वाहनाने रोज जाणार त्याच वाहनाने, त्या घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत सकाळी जा आणि संध्याकाळी परत या. मोबाइलमधला नकाशा वेळ सांगतो, पण पार्किंगमधून बाहेर पडायला, लिफ्टसाठी, बस यायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. जमलं तर पावसाच्या दिवशीही एक खेप करा. आयटी पार्कातल्या रस्त्यांवर पाणी साचतं, आणि जोराचा पाऊस झालेल्या संध्याकाळी तासाचा प्रवास दोन तासांवर गेला तर हिंजवडीत कोणी भुवया उंचावत नाही. तुम्हाला सरासरी दिवसाबरोबर राहायचं नाही, वाईट दिवसाबरोबर राहायचं आहे.

आता पैशांचं बोलू, कारण ‘तिकडे भाडं फार आहे’ यावरच बहुतेक घरांत चर्चा संपते. समजा कोथरूडहून जाण्याऐवजी वाकडला घर घेतल्याने भाडं महिन्याला आठ हजारांनी वाढतं. समजा कंपनी कोथरूडहून वीस किलोमीटर आहे आणि वाकडहून सहा. जाऊन-येऊन रोज अठ्ठावीस किलोमीटर वाचले, महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांत सहाशेच्या वर. लिटरला चाळीस किलोमीटर देणाऱ्या दुचाकीचं पंधरा लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास. बारा देणारी मोटार असेल तर पन्नास लिटर, म्हणजे पाच हजारांच्या पुढे. मोटारवाल्याचा निम्म्याहून जास्त भाडेफरक पेट्रोलमध्येच वसूल झाला. राहिला वेळ. रोज दीड तास वाचला तर महिन्याला तेहतीस तास. दुचाकीवाल्याने उरलेल्या साडेसहा हजारांना तेहतीसने भागावं. तासाला दोनशे रुपयांच्या जवळपास येतं. त्या दराने तुम्ही स्वतःचा एक तास विकत घ्याल का, एवढाच प्रश्न आहे. ज्याच्या घरी लहान मूल आहे तो लगेच हो म्हणेल. एकटा राहणारा तरुण म्हणेल, मी दहालाच निघतो आणि आठला परत येतो, मला कसली गर्दी? त्याचंही बरोबर आहे.

हाच हिशेब आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याने केला तर आकडे बरेच खाली येतात. अशा माणसाने जवळच्या लहान घरापेक्षा लांबचं मोठं घर घ्यावं, असं माझं मत आहे. उरलेले दोन दिवस बैठकीच्या खोलीत, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मीटिंग करण्यापेक्षा एक जास्तीची खोली कधीही चांगली. फक्त ती सवलत पत्रात लेखी आहे की साहेबाच्या मर्जीवर, हे विचारून घ्या. मर्जी बदलायला एक ईमेल पुरतो.

आता एकेक वस्ती बघू.

पेठा, डेक्कन, शिवाजीनगर इथे ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि आई-वडील सोबत आहेत, त्यांनी बिऱ्हाड हलवण्याची घाई करू नये. डॉक्टर ओळखीचे, मंडई पायाखालची, मुलांची शाळा जवळ. याची भाड्यात किंमत करता येत नाही. अशांचा सगळा मदार विद्यापीठ चौक आणि बाणेर रस्ता यांवर. शिवाजीनगर ते माण हा तेवीस किलोमीटरचा, तेवीस स्थानकांचा मेट्रो मार्ग याच रस्त्याने विद्यापीठ, बाणेर, बालेवाडी, वाकड असा जातो, आणि शिवाजीनगरला तो पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी या दोन्ही मार्गांना जोडलेला आहे. त्या मार्गाच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या ते पुणेकरांना सांगायला नको. माझा नियम साधा आहे: जी गाडी आज धावते तिच्या भरवशावर भाड्याचं घर घ्या, जी उद्या धावणार आहे तिच्यासाठी आज एक रुपयाही जास्त भाडं देऊ नका. बिल्डरच्या जाहिरातीतली मेट्रो नेहमी दोन मिनिटांवरच असते. आणि मेट्रो धावत असली तरी घर ते स्थानक आणि स्थानक ते गेट ही दोन शेपटं पायी जाऊन बघा. उन्हात पंधरा मिनिटं चालण्याची तयारी नसेल तर रिक्षाचे पैसे हिशेबात धरा.

कोथरूड, वारजे, कर्वेनगर इथल्यांची वाट चांदणी चौकातून बाह्यवळण रस्त्यावर पडते. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये चौकातला जुना पूल पाडला आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये नवी रचना खुली झाली, तेव्हापासून तिथला फास बराच सैल झाला. पण पुढे सूस, बालेवाडी, वाकड इथले सांधे आहेत तसेच आहेत. वनाजची मेट्रो हिंजवडीवाल्याला सरळ नेत नाही. चाकणवाल्याला मात्र तिचा उपयोग आहे: मधे गाडी बदलून नाशिक फाट्याला उतरायचं आणि पुढे नाशिक रस्त्याची बस धरायची.

औंध, बाणेर, बालेवाडी या भागांबद्दल मी फार लिहीत नाही. सोयी आहेत, भाडी चढी आहेत, आणि परवडत असेल तर तुम्हाला या लेखाची गरज नाही.

वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हा हिंजवडीच्या नोकरदारांचा आजचा खरा मुलूख. नव्या इमारती, मोठ्या खोल्या, भरपूर पर्याय. हे भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात आणि महापालिकेचं पाणी २०१९च्या अखेरीपासून दिवसाआड आहे. सोसायटीची टाकी मोठी असेल तर ते जाणवतही नाही. नसेल तर टँकर. पुढचा टप्पा हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे. ही मुळशी तालुक्यातली गावं, कारभार ग्रामपंचायतीचा. कंपनीपर्यंत चालत किंवा सायकलवर जाता येतं हे सुख मोठं आहे, ते कमी लेखू नका. पण चाळीस मजली इमारतीला ग्रामपंचायत पाणी कुठून पुरवणार? तिथे टँकरचं पाणी हा भाड्याचाच एक भाग धरावा लागतो, फक्त तो ‘मेंटेनन्स’ या नावाने येतो.

पाण्याची चौकशी घरमालकाकडे करू नये, एजंटकडे तर नाहीच. सकाळी सात वाजता सोसायटीच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारा, ‘मामा, टँकर किती येतात? मे महिन्यात किती येत होते?’ वॉचमन खरं सांगतो, कारण टँकरच्या नोंदीच्या वहीत सही त्याचीच असते. मग घरमालकाकडून गेल्या उन्हाळ्यातलं मेंटेनन्सचं बिल मागून घ्या आणि ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाणी हातावर घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतोच, गीझर आणि वॉशिंग मशीनचं पुढे काय होणार तेही तिथेच कळतं.

राहिली नदीपलीकडची चिंचवड, आकुर्डी, निगडी प्राधिकरण. कोथरूडच्या माणसाला इथे राहायला सुचवलं की तो दूरदेशी पाठवल्यासारखा चेहरा करतो. माझ्या मते मात्र पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी असणाऱ्यासाठी यापेक्षा शहाणी जागा नाही. प्राधिकरणाची वस्ती आखून वसवलेली, रस्ते रुंद, झाडं मोठी झालेली. डांगे चौकाकडून हिंजवडी, देहू रस्त्याने तळेगाव, स्पाईन रोडने मोशी आणि पुढे चाकण, अशा तिन्ही दिशा खुल्या. शिवाय लोणावळा लोकल आहे. तिच्या फेऱ्या मुंबईसारख्या नाहीत, दुपारी तर फारच विरळ, त्यामुळे ऑफिसच्या वेळा तिच्याशी जुळत असतील तरच तिच्या भरवशावर राहा. जुळल्या तर शिवाजीनगरला जायला इतकं स्वस्त आणि वेळेचं दुसरं साधन नाही.

कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याचा हिशेब थोडा निराळा. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या मोठ्या कंपन्या बस पाठवतात. तेव्हा घर कंपनीपासून किती लांब, यापेक्षा पिकअप पॉइंटपासून किती लांब, हे महत्त्वाचं. रुजू होण्याआधी बसचे मार्ग आणि थांब्यांच्या वेळा मागून घ्या. फर्स्ट शिफ्टची बस पहाटे पाचला चौकात येत असेल तर त्या चौकापर्यंत अंधारात चालत जाता आलं पाहिजे, कारण त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर मागेल तितके द्यावे लागतात. बस पहिल्या थांब्यावरून धरणारा जागा पकडून तासभर झोपतो, शेवटच्या थांब्यावरचा वीस मिनिटं जास्त झोपतो पण घरी. यातलं काय परवडतं ते ज्याचं त्याने ठरवावं. सुट्टीचा वारही बघा. भोसरी-पिंपरीकडच्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बायकोचं ऑफिस शनिवार-रविवार बंद आणि नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, असं असेल तर निदान रोजची संध्याकाळ तरी एकत्र मिळेल इतक्या जवळ घर असावं.

दोघंही नोकरी करणारी असतील तर लोक नकाशावर दोन ऑफिसांच्या बरोबर मधे बोट ठेवतात. एकाची हिंजवडी आणि दुसऱ्याची खराडी असेल तर ते बोट शिवाजीनगर-खडकीच्या आसपास पडतं आणि दोघांनाही रोज निम्मं शहर ओलांडावं लागतं. त्यापेक्षा कोणाची वेळ घट्ट आहे ते बघा. शाळेत शिकवणारीला सात म्हणजे सात. बँकेचं कुलूप ठरल्या वेळीच उघडावं लागतं. अशा माणसाच्या जवळ घर घ्यावं आणि ज्याला अकराला जाऊन चालतं त्याने प्रवास करावा. व्यवहारात उलटंच होतं. ज्याचा पगार जास्त त्याच्या ऑफिसजवळ घर, आणि बहुतेक वेळा तो नवरा असतो. स्वयंपाक करून, डबे भरून, मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून मग बायकोने तासभर बसमध्ये उभं राहायचं. याला नियोजन म्हणत नाहीत.

रात्री उशिरा सुटणाऱ्या बायकांनी एक गोष्ट आधी विचारावी. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि तिला घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. पण कंपन्यांनी कॅबची हद्द ठरवलेली असते, अमुक किलोमीटरपर्यंत किंवा अमुक भागापर्यंत. घर त्या हद्दीच्या आत आहे ना, आणि कॅब सोसायटीच्या गेटपर्यंत येते की मुख्य रस्त्यावरच सोडते, हे रुजू होण्यापूर्वी एचआरकडून लेखी घ्या.

भाड्याने घ्यायचं की विकत, हा शेवटचा प्रश्न आणि सगळ्यात महागडा. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून वर्षभरात मारुंजीला फ्लॅट घेणारे आणि दोन वर्षांनी खराडीच्या कंपनीत जाणारे पुष्कळ आहेत. मग हप्ता मारुंजीचा आणि रोजची वारी नगर रस्त्याची. नोकरी बदलते, फ्लॅट हलत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की भाड्याचं घर नोकरीच्या जवळ घ्यावं, विकतचं घर मात्र मार्गावर घ्यावं, म्हणजे जिथून दोन-तीन दिशांना धावती रेल्वे, मेट्रो किंवा बस मिळते तिथे. चिंचवड, शिवाजीनगर, औंध-खडकीचा भाग या कसोटीला उतरतात. टोकाला असलेली गावं अजून तरी उतरत नाहीत. नव्या प्रकल्पात घेणार असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची ताबा देण्याची तारीख बघा आणि त्याच बिल्डरच्या जुन्या सोसायटीत जाऊन रहिवाशांशी बोला.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. नोटरीकडचा कागद पुरत नाही, कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरी हद्दीत एक हजार रुपये आणि ग्रामीण हद्दीत पाचशे. हे पैसे वाचवण्यासाठी ‘आपापसात समजून घेऊ’ म्हणणाऱ्या मालकाचं घर सोडून द्या. मुलाचा शाळाप्रवेश, गॅस, बँक या सगळ्यांना हाच कागद लागतो. शाळेचं सांगायचं तर बिऱ्हाड हलवायचं असेल तर हिवाळ्यातच शाळा बघायला लागा, जूनच्या तोंडावर जागा उरत नाहीत.

पहिला करार अकरा महिन्यांचाच करा आणि त्यातला लॉक-इन तीन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. मालक सहा म्हणेल, घासाघीस करा. आणि विकत घ्यायचा विचार पक्का असला तरी त्या भागात भाड्याने राहून एक मे महिना आणि एक जुलै काढा, बुकिंगचा चेक त्यानंतर फाडा.